कर्नलच्या एका ओळीचे पैसे किती?

किंमत आधी सांगतो: शून्य रुपये. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला सुरू होतानाच ‘चारपैकी दोनच कोअर वापर’ असं बजावता येतं. त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, डबा उघडावा लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सुरू होतानाच्या आज्ञेत एक शब्द वाढवायचा, बस. या शब्दाला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, बूट पॅरामीटर म्हणतात. कुणी ‘प्रोसेसर ट्यूनिंग’, ‘सिस्टीम ऑप्टिमायझेशन’ किंवा ‘कोअर अनलॉक’ असं नाव देऊन वेगळी रक्कम सांगितली तर हे ध्यानात असू द्या. माणसाच्या वेळेची मजुरी जरूर द्या, शब्दाचे पैसे देऊ नका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून विंडोज ११ च्या अटीत न बसणारे बरेच जुने संगणक उबुंटू किंवा लिनक्स मिंटवर गेले आहेत. तुमचाही गेला असेल आणि तो तापत असेल, गोठत असेल किंवा ‘प्रोसेसर बदला’ असा सल्ला मिळाला असेल, तर पैसे काढण्याआधी पुढचं वाचा.

कुणी करावं, कुणी नाही

तीन वेळा हा शब्द खरोखर उपयोगी पडतो. पहिली वेळ: संगणक कसलंही कारण नसताना गोठतो. दुसरी: नवीन यंत्र घ्यावं का, किती कोअरचं घ्यावं, हे ठरवायचं आहे. तिसरी: एप्रिल-मेच्या उन्हात तापून बंद पडणारं यंत्र पंख्याचं काम होईपर्यंत आठ-दहा दिवस कसंबसं चालवायचं आहे. या तिन्हींत माझ्या मते दुसरी सगळ्यात मोलाची, आणि तिच्याकडेच लोकांचं लक्ष जात नाही.

वीजबिल कमी करायचं म्हणून करत असाल तर राहू द्या. हिशेब सोपा आहे. कोअर कमी केल्याने २० वॅट वाचले असं उदारपणे धरा. रोज ८ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४.१६ युनिट. महावितरणचा दर युनिटला दहा रुपये धरला तर बेचाळीस रुपयांच्या आत. तेवढेही बहुधा वाचत नाहीत, कारण रिकामा कोअर कर्नल आपणहून झोपवतो, आणि कोअर कमी असले की तेच काम जास्त वेळ चालतं. पडद्याचा उजेड कमी केलात तर यापेक्षा सहज काही हाती लागेल.

‘एकच प्रोग्राम सगळा प्रोसेसर खातोय, त्याला निम्म्यावर आणा’ हे काम या शब्दाचं नाही. त्यासाठी सीपीयूलिमिट नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे, सिस्टीमडीमध्ये सीपीयूकोटा ही सोय आहे, आणि दोन्हींसाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही.

बसण्याआधी जवळ काय हवं

खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. लिनक्सच्या खात्याचा पासवर्ड, तोही प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याचा. बायॉसला पासवर्ड असेल तर तो. महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर. सातबाराच्या पीडीएफ, मुलांचे दाखले आणि दुकानाचा हिशेब आधी घ्या, चित्रपट मागाहून.

त्याच यंत्रावर शेजारी विंडोज असेल तर एक कागद सगळ्यात महत्त्वाचा: बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. नुसता पॅरामीटर बदलल्याने ती सहसा विचारली जात नाही. पण या गडबडीत कुणी बायॉसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद केलं, की पुढच्या वेळी विंडोज ती की मागतं. ती नसेल तर विंडोजमधला डेटा गेल्यातच जमा. की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी शोधा, कागदावर उतरवा, मग यंत्राला हात लावा. दुकानात यंत्र देतानाही ही की विचारणारा माणूस जाणकार समजा.

दहा मिनिटांची चाचणी

ही चाचणी एका वेळेपुरती असते. संगणक पुन्हा सुरू केला की आपोआप पुसली जाते, म्हणून धोका नसल्यासारखाच. कायमचा बदल याच्यानंतर, आणि तोही गरज असेल तरच.

पॉवर बटण दाबा. कंपनीचं नाव उमटलं की एस्केप एकदा दाबा. बायॉस पद्धतीच्या जुन्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा. ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी येईल. एस्केप सारखं दाबलंत तर यादीऐवजी नुसती रिकामी ओळ दिसते. तसं झालं तर बंद करून पुन्हा सुरू करा. यादीतल्या पहिल्या नावावर असताना ई दाबा. आता पडदाभर अवघड मजकूर दिसेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एकच ओळ शोधा. उबुंटू आणि मिंटवर तिच्या शेवटाकडे ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. ओळ लांब असली की पडद्याच्या कडेला तिरपी रेघ देऊन खाली मोडते. ती तीच ओळ आहे, नवी नव्हे. इथे मोबाइलने फोटो काढून ठेवा.

एंड हे बटण दाबून ओळीच्या टोकाला जा. एक जागा सोडा. मग टाइप करा: एम-ए-एक्स-सी-पी-यू-एस, बरोबरचं चिन्ह, २. सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान, आकडा इंग्रजी, मधे कुठेही जागा नाही. कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबा, किंवा एफ१०. संगणक दोन कोअरवर सुरू होईल.

झालं की नाही हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. टर्मिनल उघडा आणि एन-पी-आर-ओ-सी टाइप करून एंटर दाबा. उत्तर २ आलं तर जमलं. ४ आलं तर बहुधा स्पेलिंग चुकलं आहे. कर्नलला न समजलेला शब्द पडद्यावर आरडाओरडा करत नाही; संगणक नेहमीसारखा सुरू होतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं. दुकानदाराने ‘सेटिंग केलंय’ म्हटलं तरी हीच तपासणी त्याच्यासमोर करा. पाच सेकंद लागतात.

एक बारकी गोष्ट, जिच्यावरून गैरसमज होतो. हा आकडा कोअर नव्हे, थ्रेड मोजतो. दोन कोअर आणि चार थ्रेडच्या आय३ वर सुरुवातीला ४ च दिसतात. २ लिहिलंत तर कुठले दोन उरले हे यंत्रावर अवलंबून असतं: दोन वेगळे कोअर, किंवा एकाच कोअरचे दोन थ्रेड. एल-एस-सी-पी-यू, जागा, वजाचं चिन्ह, ई, ही आज्ञा दिलीत की तक्ता येतो. त्यात कोअरचा रकाना पाहा.

कुठला शब्द कशासाठी

वर वापरलेला मॅक्ससीपीयूज हा मवाळ शब्द. उरलेले कोअर नंतर चालू यंत्रावरही जागे करता येतात, आणि काही यंत्रणा ते आपणहून जागे करतात. तसं होत असेल तर एन-आर, अंडरस्कोअर, सी-पी-यू-एस, बरोबर, २ हा कडक शब्द घ्या. मग पुढच्या सुरुवातीपर्यंत तिसरा कोअर कर्नलच्या लेखी अस्तित्वातच नाही. मवाळ शब्दापुढे शून्य लिहू नका. त्याचा अर्थ बहुकोअर व्यवस्थाच बंद, आणि त्यासोबत आणखी एक जरुरीचा भाग बंद पडतो.

एन-ओ-एस-एम-टी हा शब्द प्रत्येक कोअरचा दुसरा थ्रेड बंद करतो. २०१८ साली प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या भगदाडांची चर्चा झाली तेव्हा हा कामाला आला. घरच्या संगणकाला सहसा लागत नाही.

याच्या अगदी उलट दिशेचा शब्द यूट्यूबवर फार फिरतो: मिटिगेशन्स ऑफ. ‘जुना संगणक रॉकेट करा’ असल्या मथळ्याखाली तो हमखास सापडतो. तो सुरक्षेची ठिगळं काढून टाकतो, आणि त्या बदल्यात मिळणारा वेग रोजच्या कामात जाणवेलच असं नाही. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, पासबुकं हाताळली जातात, त्या सेवा केंद्राच्या किंवा पतसंस्थेच्या यंत्रावर हा शब्द कुणी टाकू देऊ नका. टाकला असेल तर आजच काढा.

आता गोठण्याविषयी, कारण इथे एका शब्दाने खरंच हजारो रुपये वाचतात. इंटेलच्या बे ट्रेल पिढीचे स्वस्त प्रोसेसर, म्हणजे सेलेरॉन एन२८४०, जे१९००, पेन्टियम एन३५४०, ॲटम झेड३७३५एफ, जुन्या लिनक्स कर्नलवर मधूनच ठार गोठायचे. लक्षण ठरलेलं: माउसचा बाण जागेवर थिजतो, घड्याळ थांबतं, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. पाहणाऱ्याला वाटतं मदरबोर्ड गेला. कारण वेगळंच होतं: प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेत जाताना अडकत असे. उपाय म्हणजे गाढ झोप बंद करणं. शब्द असा: इंटेल, अंडरस्कोअर, आय-डी-एल-ई, टिंब, एम-ए-एक्स, अंडरस्कोअर, सी-एस-टी-ए-टी-ई, बरोबर, १. सगळं सलग. बॅटरी लवकर उतरते, यंत्र थोडं जास्त गरम राहतं, पण गोठणं थांबतं. नंतरच्या कर्नलमध्ये दुरुस्ती झाली आहे, म्हणून आधी सगळे अपडेट घ्या आणि तरीही गोठत असेल तरच हा शब्द वापरा. या मालिकेतलं यंत्र असेल आणि ‘बोर्ड बदलावा लागेल’ असं ऐकलंत, तर ‘दोन दिवसांनी सांगतो’ म्हणा आणि घरी जाऊन चाचणी करा.

आयसोलसीपीयूज नावाचा शब्दही भेटेल. तो काही कोअर खास एका कामासाठी राखून ठेवतो. घरी, शाळेत, दुकानात त्याची गरज नाही.

खरेदीआधीची परीक्षा

समजा तुम्हाला दुकानात चार कोअरचा आणि आठ कोअरचा असे दोन लॅपटॉप दाखवले, आणि मधला फरक दहा-बारा हजारांचा आहे. ओळखीच्या कुणाकडे आठ कोअरचं यंत्र असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. काही बसवायचं नाही, ‘ट्राय’ हा पर्याय निवडायचा. सुरू करताना वरचा कडक शब्द ४ लावून टाका. मग तुमचं नेहमीचं काम करा: ब्राउझरच्या दहा खिडक्या, हिशेबाची मोठी शीट, मुलांचा ऑनलाइन वर्ग. अडत नसेल तर दहा हजार वाचले. प्रोसेसर तोच, रॅम तीच, बदलली ती फक्त कोअरची संख्या, त्यामुळे तुलना जाहिरातीपेक्षा खरी ठरते.

घरच्या जुन्या यंत्रावर हेच उलट करून पाहा. चारवरून दोनवर आणल्यावर तुम्हाला फरकच जाणवला नाही, तर तुमचं यंत्र प्रोसेसरमुळे संथ नव्हतं. दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा किंवा कमी रॅमचा. पैसे एसएसडीवर घाला. मात्र एसएसडी आणि रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत. वर्षभरापूर्वीचा भाव धरून बजेट करू नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

आता खर्च

पॅरामीटर: ०. उबुंटू किंवा मिंट: ०. १६ जीबी पेनड्राइव्ह: साधारण तीनशे ते पाचशे. थर्मल पेस्टची छोटी नळी: शंभर ते तीनशे. पंखा साफ करून पेस्ट बदलण्याची मजुरी दुकानागणिक वेगळी. डेस्कटॉपची कमी, लॅपटॉपची जास्त, कारण तो पूर्ण उघडावा लागतो. आकडा आधी ठरवा आणि जॉबशीटवर लिहून घ्या. साफसफाईसकट हे सगळं हजाराच्या पुढे चाललं असेल तर दुसऱ्या दुकानात विचारा, असं माझं मत.

तापणाऱ्या यंत्राला कोअर कमी करणं हा तात्पुरता टेकू आहे. खरं काम पंख्यामागे असतं. आपल्याकडच्या धुळीत वर्ष-दोन वर्षं चाललेला लॅपटॉप उघडला की पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे करड्या धुळीची सलग घडी निघते, बोटाने उचलावी इतकी जाड. ती असेपर्यंत एकही शब्द कामाचा नाही. तापमान पाहायला सेन्सर्स ही मोफत आज्ञा आहे. कामाच्या ओझ्याखाली आकडा सतत ९० अंशांच्या वर असेल तर साफसफाई टाळू नका.

छुपे खर्च इथे असतात. ‘फॉरमॅट करावंच लागेल’ हा पहिला. पॅरामीटरसाठी फॉरमॅट कधीच लागत नाही. ‘डेटा बॅकअप चार्ज’ हा दुसरा. प्रत आधीच घरी काढलेली असेल तर नाही म्हणा. ‘तपासणी फी’ तिसरा. दुरुस्ती केली तर ती बिलातून वजा होणार का, हे यंत्र टेबलावर ठेवण्याआधी विचारा. चौथा जीएसटी. दुरुस्तीवर १८ टक्के लागतो, पण तो लावायचा तर पावतीवर दुकानाचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवाच, आणि महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक नाही तर कर नाही.

वॉरंटीतलं यंत्र असेल तर बाहेर उघडू नका. पॅरामीटर बदलल्याने स्क्रूला हात लागत नाही, पण कंपनीची कार्डावरची अट वाचून घ्या. अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे हे खरेदीच्या वेळीच विचारा. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा-तुळजापूरकरांना ते सोलापूरला सापडेल, कळंबकरांना लातूरला, भूम-परंड्याच्या लोकांना बार्शीच्या पुढे जावं लागेल; दोन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेला दिवस हाही खर्चच. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव दिसलं नाही तर उस्मानाबाद शोधा.

कायमचं करायचं असेल तर

चाचणीनंतर आठवडाभर समाधान असेल तरच. उबुंटू-मिंटवर ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. ती प्रशासक म्हणून उघडायची, ‘क्वाएट स्प्लॅश’ असलेल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आतच आपला शब्द जोडायचा, जतन करायचं, मग सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यायची. ही शेवटची आज्ञा विसरली तर काहीच बदलत नाही. फेडोरावर हेच काम ग्रबी नावाच्या आज्ञेने होतं. रास्पबेरी पायवर ग्रब नसतं. बूट विभागातल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये शब्द जोडायचा, आणि तिथे सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. एकूण वेळ पंधरा मिनिटं. कर्नल अपडेट झाला तरी सेटिंग टिकतं. लिनक्स नव्याने बसवलं तर जातं.

बिघडलं तर? ग्रबच्या यादीत ई दाबा, तो शब्द खोडा, कंट्रोल-एक्स. यंत्र सुरू झालं की फाइलमधूनही काढा आणि अपडेट-ग्रब द्या. एवढ्यासाठी दुकानात जाऊ नका. ग्रब आणि टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट.

शाळेचा, ग्रामपंचायतीचा किंवा कार्यालयाचा संगणक असेल तर मुख्याध्यापकांची किंवा कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी आधी. ते यंत्र जडवस्तू नोंदवहीत चढलेलं असतं. उद्या ते बंद पडलं तर ‘शेवटचा हात कुणाचा’ हा प्रश्न तुमच्याकडे येईल. बोटांचे ठसे घेणारं उपकरण जोडलेलं असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, तेही आधीच पाहा.

विंडोजवाल्यांसाठी

विंडोजमध्ये हेच काम एमएसकॉन्फिग करतं: बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, नंबर ऑफ प्रोसेसर्स. तिथे ‘सगळ्यात मोठा आकडा निवडा, संगणक दुप्पट वेगाने सुरू होईल’ ही युक्ती खोटी आहे. चौकटीत खूण नसताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. खूण केल्याने फक्त कमी करता येतं. कुणी तिथे १ निवडून ठेवला असेल तर तुमचं यंत्र तेव्हापासून एका कोअरवर रडत असेल; खूण काढा. लॅपटॉप तापत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बहुतेक यंत्रांवर टर्बो बंद होतो आणि पंख्याचा आवाज उतरतो. यालाही पैसे लागत नाहीत.

भाड्याचा सर्व्हर असेल तर

दूध संकलन केंद्राचा किंवा पतसंस्थेचा हिशेब क्लाउडवर असतो आणि महिन्याचं भाडं कोअरवर ठरतं. आत शिरून पॅरामीटरने कोअर निम्मे केले तर भाडं एक रुपयाने कमी होत नाही. कंपनी दिलेल्या कोअरचे पैसे घेते, वापरलेल्या नाही. भाडं कमी करायचं तर छोटी योजना घ्या. तिच्यावर काम भागेल का, हे मात्र पॅरामीटर लावून आधीच तपासता येतं. शनिवारी संध्याकाळी तपासा, सोमवारी योजना बदला. सॉफ्टवेअरच्या कोअरवार परवान्यातही ही पळवाट चालत नाही. विंडोज सर्व्हर अख्ख्या यंत्रासाठी घेतला तर किमान १६ कोअरचे परवाने घ्यावेच लागतात, आणि ओरॅकल यंत्रात बसवलेले कोअर मोजते.

फसवणूक झाली तर

पावती, जॉबशीट, एनप्रॉकच्या उत्तराचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, हे सगळं जपा. पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५; मराठीतून बोलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे. यंत्र पुण्यातून किंवा ऑनलाइन घेतलेलं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे २०१९ च्या कायद्याने दिलं आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो.